घोडा कोणी धरलाय?

बाबा घोड्यावरून पडले. उजवा खुबा मोडला. बाबांचं वय सदुसष्ट, घोड्याचं बावीस, आणि पडण्याचा वेग इतका कमी होता की मधल्या मधे मला दोनदा 'बाबा' म्हणायला वेळ मिळाला.

हे झालेलं नाही. तसं मला लेखी कळवण्यात आलं आहे, खाली गोल शिक्का आहे. तेव्हा आपणही ते झालं नाही असं धरू आणि सुरुवातीपासून बघू. सुरुवातीला बाबांचे दोन्ही खुबे शाबूत होते आणि घोड्याशी त्यांचा संबंध बुद्धिबळापुरता होता. तिथेही ते तो लवकर गमवायचे.

आई दीड वर्षापासून निवासात आहे. निवास म्हणजे विसरणाऱ्या माणसांना ठेवतात ती जागा. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाल्यावर एका सकाळी आई पर्स उचलून कामाला गेली. ती ऑफिसात टायपिस्ट होती. ऑफिस केव्हाच हललं होतं, त्या जागी चपलांचं दुकान आलं होतं. आई काउंटरमागे जाऊन बसली आणि संध्याकाळी आम्ही पोचलो तेव्हा दुकानदार म्हणाला, "घेऊन जा, पण काम चांगलं करतात. तीन जोड विकले." त्यानंतर ती गॅस बंद करायला विसरली. मग गॅस म्हणजे काय ते विसरली. मग निवास.

निवासात भेटीचा एक तक्ता असतो. भेटायला कोणी आलं की मॅनेजरबाई पुठ्ठ्याच्या पॅडला तो लावून आईसमोर उभ्या राहतात आणि विचारतात, "आजी, कोण आलंय?" रहिवाशाने आलेल्या व्यक्तीचं नाव किंवा नातं स्वतःहून सांगितलं का, होय की नाही. एवढाच रकाना. मी नेहमी पास होते. कारण आई मला काहीतरी नातं लावतेच. आजवर मी तिथे मुलगी, धाकटी जाऊ, सून आणि एकदा तिची आई म्हणून नोंदले गेले आहे. नातं बरोबर असलं पाहिजे असं तक्त्यात कुठे लिहिलेलं नाही.

बाबांचं तसं जमलं नाही. पहिल्या वेळी आई म्हणाली, "हे खुर्ची दुरुस्त करायला आलेत का?" बाबांनी घाईघाईने तिचा हात धरला. आई अर्धा तास किंचाळत होती. परक्या माणसाने खोलीत येऊन हात धरला आणि वर तो रडायला लागला, तर कोणीही किंचाळेल, मीसुद्धा. मॅनेजरबाईंनी रकान्यात 'नाही' लिहिलं.

दुसऱ्या वेळी बाबा दारातच उभे राहिले, दोन्ही हात पाठीमागे बांधून.

"आजी, कोण आलंय?"

"ह्यांना मी नाही ओळखत," आई म्हणाली. "बरे दिसतात. पण फार वेळ थांबू नका म्हणावं. आमचे हे यायचेत."

"कुठे आहेत तुमचे हे?"

"घोड्यावर."

मॅनेजरबाईंनी पेन उचललं. "घोड्यावर?"

"उतरले की येतील. एकदा घोड्यावर चढले की त्यांना जेवणाचं भान राहत नाही." हे ती इतक्या सवयीच्या वैतागाने म्हणाली की मी खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर हिरवळ होती आणि धोब्याची गाडी.

दुसरं 'नाही'. नियम असा आहे की लागोपाठ दोन 'नाही' आले की भेटी थांबतात. तीन महिन्यांनी आढावा भेट. तिथेही 'नाही' आलं तर कायमचं 'नाही', आणि मग खुशाली दर महिन्याला छापील पत्राने येते. मॅनेजरबाई वाईट नाहीत. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही गेलात की आजी दोन दोन दिवस जेवत नाहीत. मी कोणाकडे बघू?" बाबांनी पाठीमागे बांधलेले हात सोडले. माझ्याकडे ह्याला एक उत्तर होतं, पण ते विनोदी होतं.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "बाबा, आईच्या आयुष्यात कोणी घोडेस्वार होता का?"

"टायपिस्टच्या आयुष्यात घोडेस्वार कुठून येणार?"

तीन थांबे गेले.

"असेलही," बाबा म्हणाले.

आणखी एक थांबा गेला. "असला तरी चालेल. त्याच्या जागेवर माझी बदली होत असेल तर मी तयार आहे."

बाबा छत्तीस वर्षं आवक-जावक कारकून होते. आलेलं पत्र वहीत चढवायचं, गेलेलं पत्र वहीत चढवायचं. त्यांच्या लेखी आयुष्य रुजू होण्याच्या तारखेपासून सुरू होतं, त्याआधीचं विचारलं तर म्हणतात, "असंच काहीबाही करायचो." घरात ते चहासुद्धा 'मिळावा ही विनंती' म्हणून मागतात. अक्षर मात्र असं की वाणसामानाची यादी फ्रेम करून लावावी. ओळीवरची रेघ पट्टीने मारल्यासारखी. रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्या बघून तोंड वाकडं करायची त्यांना सवय आहे. "दोन अक्षरांमध्ये म्हैस बसेल एवढी जागा सोडलीय," वगैरे. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

रपेट शिकवणारी शाळा कालव्याच्या पलीकडे आहे, निवासापासून चालत वीस मिनिटांवर. तिथे नवशिक्यांची तुकडी आठ ते अकरा वयोगटाची असते. प्रवेशाचा छापील अर्ज त्यांच्याच हिशेबाने केलेला. 'विद्यार्थ्याला अंथरूण ओलं करण्याची सवय आहे का?' बाबांनी सुंदर अक्षरात लिहिलं : सध्या नाही. शेवटी पालकाची सही होती. ती मी केली.

शिकवणाऱ्या बाई चाळिशीच्या, उन्हाने रापलेल्या, आवाज मैदानभर पोचणारा. आम्ही आपसात त्यांना मास्तरीणबाई म्हणायला लागलो.

"काका, कशासाठी शिकायचंय? व्यायाम?"

"बायकोसाठी."

"हौस आहे त्यांना?"

"त्यांना घोड्यावरचा माणूस हवाय. तो मी आहे की नाही हे तीन महिन्यांत ठरायचंय."

मास्तरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. लिफ्ट कंपनीच्या तक्रार कक्षात काम करून मला एक गोष्ट येते, ती म्हणजे चेहरा कोरा ठेवून मान हलवणं. अडकलेली माणसं मला फोन करतात. मी सांगते, घाबरू नका, दार बडवू नका, वीस मिनिटांत माणूस येतोय. वीस मिनिटं हा आकडा कुठून आला मला माहीत नाही. मी रुजू झाले तेव्हा तो तिथे होताच.

घोड्याचं नाव साहेब. राखाडी, पाठीत किंचित खचलेला, सदा कोणीतरी आपला वेळ खातंय असा चेहरा.

"साहेब चिडत नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "फक्त ऐकत नाही."

"माहितीय," बाबा म्हणाले. "छत्तीस वर्षं काढलीत."

तर आयुष्यभर साहेबांच्या हाताखाली राहिलेला माणूस साहेबावर बसला. पहिल्या दिवशी वर चढायला तीन पायऱ्यांचा ठोकळा, मास्तरीणबाईंचा खांदा आणि माझं डोकं लागलं. तुकडीतली मुलं रांगेत उभी राहून बघत होती. बाबांनी डोक्यावर घातलेल्या टोपावर कोणाच्या तरी वाढदिवसाचं अस्वल चिकटवलेलं होतं. वर बसल्यावर त्यांनी लगाम हातात घेतला, घसा साफ केला आणि म्हणाले, "साहेब, आपण डावीकडे वळावं अशी विनंती आहे."

साहेबाने शेपटीने माशी हाकलली.

"काका, विनंती नाही. हुकूम."

"मी कधी कोणाला हुकूम दिलेला नाही."

"बायकोला?"

"त्या द्यायच्या."

पण एक गोष्ट मास्तरीणबाईंना पहिल्याच आठवड्यात खटकली. "काका, खरं सांगा, आधी बसलायत ना तुम्ही? दोन्हीकडे पाय टाकून उंचावर बसायची तुमच्या मांड्यांना सवय आहे. नवा माणूस असा बसत नाही, तो आधी खाली बघतो."

"छे," बाबा म्हणाले. "मी तर स्कूटरसुद्धा चालवली नाही."

दुसऱ्या महिन्यात दुडकी चाल आली. दुडक्या चालीत घोडा खालून ठोकतो आणि माणसाने त्या ठेक्यात उठायचं, बसायचं असतं. बाबा घोडा वर आला की खाली यायचे. रात्रभर कण्हायचे, सकाळी हवेची उशी घेऊन पेपर वाचायचे. ठेका जमेना म्हणून त्यांनी घरी सराव काढला. मी कामावरून आले तर बाबा वॉशिंग मशीनवर दोन्हीकडे पाय टाकून बसलेले, डोक्यावर अस्वलाचा टोप, आणि मशीन कपडे पिळण्याच्या टप्प्यात. न्हाणीघरातून निघून ते दोघं स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचले होते. पाण्याची नळी ताणून तुटली होती. सगळीकडे पाणी.

"उतरा," मी म्हणाले.

"अजून चार मिनिटं आहेत."

"बाबा, उतरा."

"अगं, जमतंय! एक-दोन, एक-दोन, बघ—" त्यांचा आवाज मशीनबरोबर थरथरत होता. मग मशीन थांबलं आणि लक्षात आलं, आवाज अजून थरथरतोय.

मी टॉवेल आणला, जमीन पुसायला घेतली. वरून बाबा म्हणाले, "मला तिचा आवाज आठवेनासा झालाय."

मी पुसत राहिले.

"तू एकदा तिच्यासारखं 'अहो' म्हणून दाखव."

चाळीस वर्षांत आईने त्यांना त्याशिवाय दुसरी हाक मारल्याचं मला आठवत नाही. मी म्हणाले, "अहो."

"नाही. असं नाही. तिचं खालून वर जायचं. म्हणजे मी माळ्यावर आहे आणि ती खालून हाक मारतेय, तसं. शेजारी बसलेली असली तरी तसंच."

मी जमिनीवर बसून, मान वर करून पुन्हा म्हणाले, "अहो."

बाबांनी डोळे मिटून ऐकलं. "जवळपास," म्हणाले. आणि तोंड फिरवलं. वॉशिंग मशीनवर बसलेल्या माणसाला तोंड फिरवायला फार जागा नसते, समोर भिंत येते. ते भिंतीकडे बघत बसले. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा स्वतःला सांगितलं की हे होणार नाही. आई ओळखणार नाही, ही सगळी उठाबस फुकट जाणार, आणि नंतर ह्या माणसाचं काय करायचं ते मला माहीत नाही. अडकलेल्या माणसांना सांगायचं वाक्य माझ्याकडे एकच आहे आणि ते इथे चालत नव्हतं.

शेवटच्या पंधरवड्यात बाबा साहेबाला मैदानाला दोन फेऱ्या दुडक्या चालीने घालू लागले. विनंत्या चालूच होत्या, पण आता साहेब त्या मंजूर करायचा.

आढावा भेट मंगळवारी अकराला होती. निवासाच्या मागच्या फाटकातून बरोबर त्याच वेळी धोब्याची गाडी आत येते आणि फाटक पाच मिनिटं उघडं राहतं. आवारात प्राण्यांना प्रवेश नाही, असा फलक पुढच्या फाटकावर आहे. मागच्यावर नाही. हे बाबांनी शोधून काढलं आणि मास्तरीणबाईंना समजावलं.

"काका, माझी शाळा बंद होईल."

"आपण मागच्या फाटकाने येणार. तिथे फलक नाही."

"आणि तुम्ही पडलात तर?"

"तीन महिन्यांत एकदाही पडलो नाही."

"म्हणूनच म्हणतेय," मास्तरीणबाई म्हणाल्या. पण आल्या.

मंगळवारी अकरा वाजता मी आईच्या खोलीत होते. चौदा नंबर, तळमजला, खिडकी हिरवळीकडे. मॅनेजरबाई पॅड घेऊन उभ्या. आई पलंगाच्या कडेला बसून मांडीवरच्या उशीवर टाइप करत होती. तिची बोटं अजून सगळं बरोबर करतात, फक्त कागद नसतो.

"काका कुठायत?" मॅनेजरबाईंनी घड्याळ बघितलं. "न आल्यास 'नाही' समजण्यात येतं."

"येतायत."

"किती वेळ?"

"वीस मि—" मी जीभ चावली. "आत्ता."

खिडकीसमोरून आधी धोब्याची गाडी गेली. मग, गाडीच्या मागून, साहेब आला. वर बाबा. टाच खाली, नजर वर. इस्त्रीचा पांढरा शर्ट, अस्वलाचा टोप. मास्तरीणबाई दोन हात अंतरावर, आपला काही संबंध नाही अशा चेहऱ्याने. साहेब खिडकीसमोर आला आणि बाबांनी, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा, हुकूम दिला. "थांब." साहेब थांबला. म्हणजे तसा थांबला, उभा राहून एका पायावरून दुसऱ्यावर भार टाकत राहिला.

"ते काय आहे?" मॅनेजरबाई म्हणाल्या.

"भेटीला आलेली व्यक्ती."

"खालचं?"

मी आईकडे बघितलं. आई टाइप करायची थांबली होती. ती उठली, खिडकीशी गेली, गजांना धरून बाहेर बघायला लागली. बाबा वरून तिच्याकडे बघत होते. त्यांच्या ओठांवर काहीतरी होतं, पण ते त्यांनी सोडलं नाही. पहिल्या वेळी त्यांनी घाई केली होती आणि ती किंचाळली होती.

नियम तो नियम. मॅनेजरबाईंनी विचारलं, "आजी, कोण आलंय?"

"घोड्यावर बसलेत," आई म्हणाली.

"हो. पण कोण?"

आईने मान तिरकी केली. मी तिच्या मानेवरच्या पांढऱ्या बटा मोजल्या. अकरा.

"पण घोडा हलतोय," आई म्हणाली.

"हलणारच, आई. घोडा आहे."

"वेडी आहेस का? हलणाऱ्या घोड्यावर कोणी चढतं? डबा कलंडेल, सगळा रंग खाली." तिचा आवाज चढला. "खाली कोणी धरलाय? कोणीच नाही. फुटपाथ हा असा उंचसखल. मी होते तेव्हा मी धरायचे. पायाने दाबून धरायचे, तेव्हा कुठे ह्यांची रेघ सरळ यायची."

खिडकी उघडी होती. बाबांना सगळं ऐकू गेलं. त्यांचा चेहरा आधी पत्र हरवलेल्या कारकुनासारखा झाला, आणि मग ते पत्र सापडल्यासारखा.

"बोर्ड," ते म्हणाले. "अगं, बोर्ड! ऑफिसचा बोर्ड!"

ते मला नंतर कळलं, तुम्ही आत्ताच ऐका. रुजू होण्याच्या तारखेआधी बाबा अकरा महिने पाट्या रंगवायचे. 'असंच काहीबाही' म्हणजे हे. आई ज्या ऑफिसात टायपिस्ट होती त्याचा दर्शनी बोर्ड रंगवायला ते आले होते. रंगाऱ्यांची ती दुहेरी शिडी असते ना, वर बिजागरीने जोडलेली, उघडली की चार पायांवर उभी राहते आणि वर दोन्हीकडे पाय टाकून बसतात, तिला घोडाच म्हणतात. सगळेच म्हणतात. मी म्हणते, तुम्ही म्हणता, बाबाही म्हणायचे. घोडा डगमगत होता. जेवणाच्या सुट्टीत बाहेर आलेल्या टायपिस्टने त्यावर पाय ठेवला आणि मान वर करून म्हणाली, अहो, जरा बघून. पुढे बाबा त्याच ऑफिसात चिकटले, शिडीवरून उतरले आणि शिडी विसरले. सगळं विसरणारी बाई तेवढं एक धरून बसली होती. धडधाकट माणूस ते साफ विसरून, अस्वलाचा टोप घालून, तीन महिने खरा घोडा शिकत होता.

तर बाबांनी काय केलं, लगाम सोडला. डाव्या हातात डबा धरल्यासारखा केला. उजवा हात उचलून हवेत एक लांब आडवी रेघ ओढली, आणि तिच्याखाली अक्षरं काढायला लागले. एक, दोन, तीन. आई गजांना कपाळ टेकवून बघत होती.

"दुसरं वाकडं आलंय," ती म्हणाली.

बाबांनी दुसरं पुसून परत काढलं.

आईने गजांमधून हात बाहेर काढला, साहेबाच्या दिशेने, पोचत नव्हता तरी. मान वर केली. "अहो! दोन्ही हात सोडू नका म्हणून किती वेळा सांगायचं? मी धरतेय, थांबा."

खालून वर. मी जमिनीवर बसून काढला होता तो आवाज कुठे आणि हा कुठे. बाबा त्या हाकेकडे वाकले. नेमकं तेव्हाच साहेबाने हिरवळ खाण्यासाठी मान खाली घातली, आणि बाबांच्या पुढे जी टेकायला मान होती ती राहिली नाही. ते घसरगुंडीवरून यावेत तसे, अगदी सावकाश आले. मी म्हणाले बाबा. मग परत म्हणाले बाबा. मग आवाज झाला. कोरडी काडी मोडते तसा.

आई ओरडत होती, "अहो! अहो!" आणि गजांतून हात बाहेर काढत होती. बाबा हिरवळीवर पडून वर बघत होते, आणि मी तुम्हाला शपथेवर सांगते, ते हसत होते. साहेब त्यांच्या कानाजवळचं गवत खात होता.

मी मॅनेजरबाईंकडे वळले. "झालं! ओळखलं तिने! लिहा!"

मॅनेजरबाई खिडकीपासून दोन पावलं मागे सरकल्या. त्या घाबरल्या होत्या, माझ्यापेक्षा जास्त. पण पेन रकान्यावरच होतं. "नाव सांगितलं नाही."

"अहो, ती त्यांना अहो म्हणाली!"

"अहो म्हणजे नाव नाही. नातंही नाही."

"अहो बाई, अहो म्हणजे नवराच!"

"तुम्ही आत्ता मला दोनदा अहो म्हणालात," मॅनेजरबाई म्हणाल्या.

त्यानंतर अ‍ॅम्ब्युलन्स आली, तीही मागच्या फाटकाने. आठवड्याने पत्र आलं. गोल शिक्का. आवारात प्राण्यांना प्रवेश नाही. सबब सदर दिवशी आवारात घोडा नव्हता. सबब त्यावरून कोणी पडलेलं नाही. सबब त्या वेळी रहिवाशाने काही उद्गार काढले असल्यास त्यांचा भेटीशी संबंध जोडता येत नाही. भेटीस आलेली व्यक्ती नियोजित वेळी खोलीत अनुपस्थित होती. नाही.

बाबांच्या खुब्यात आता लोखंड आहे. डॉक्टर म्हणतात, चालाल काठीने, पण शिडी, जिना, उंच काही चढणं ह्या जन्मी विसरा. 'विसरा' ह्या शब्दावर बाबा डॉक्टरांकडे असे बघायला लागले की मी मधे पडले. ते मला रोज विचारतात, "अहो म्हणाली ना? तू ऐकलंस ना?" मी सांगते, ऐकलं. दिवसातून सहा वेळा विचारतात. कधी कधी मला भीती वाटते की हेही वाढत जाईल, आणि मग एक तक्ता आणखी.

काल मी आईकडे गेले. मला मावसबहीण म्हणून नोंदवलं. मॅनेजरबाई गेल्यावर आईने हळूच विचारलं, "ते उतरले का घोड्यावरून?"

"उतरले."

"मग आले का नाहीत?"

मी खिडकीतून बाहेर बघितलं. हिरवळीचा एक तुकडा अजून आखूड आहे, साहेबाने खाल्लेला. मी म्हणाले, "वीस मिनिटांत येतायत. तू घाबरू नकोस." ती मान हलवून उशीवर टाइप करायला लागली. मी निघाले तेव्हा वीस मिनिटं होऊन गेली होती. तिने घड्याळाकडे एकदाच बघितलं.

घरी आले तर बाबा उताणे झोपून, छातीवर पाट ठेवून लिहीत होते. वरची रेघ पट्टीने मारल्यासारखी. मला म्हणाले, उद्या आवक कक्षात देऊन ये आणि पोच घे. पोच महत्त्वाची.

प्रति, माननीय व्यवस्थापिका. विषय : रहिवासी क्रमांक चौदा यांच्या खिडकीबाहेर घोडा उभा करण्याबाबत. महोदया, उपरोक्त विषयी सविनय निवेदन की, आपल्या पत्रानुसार न घडलेल्या घटनेत अर्जदाराचा खुबा न मोडल्याने अर्जदार शिडी चढण्यास कायमचा असमर्थ आहे. तरी सदर खिडकीबाहेर एक घोडा, लाकडी, सहा फुटी, चार पायांचा, उघडून ठेवण्यास परवानगी मिळावी. सदर घोडा प्राणी नसल्याने आपल्या नियमाचा भंग होत नाही, तसेच तो गवत खात नाही. अर्जदारास उचलून वर बसवण्याकामी दोन इसम, आणि हातात देण्याकामी रंगाचा एक रिकामा डबा उपलब्ध करून द्यावा. घोडा खालून धरण्याकामी मात्र नवीन इसम नेमू नये. त्या जागेवर रहिवासी क्रमांक चौदा अर्जदार रुजू होण्याच्या आधीपासून काम पाहत असून, त्यांना त्याच जागेवर कायम करण्यात यावे, ही नम्र विनंती.